वेलस्लींच्या घराण्यात वेलस्ली कोण?

शाळेच्या इतिहासात वेलस्ली हे नाव आपल्याला दोनदा भेटतं. एकदा तैनाती फौजेच्या धड्यात, गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली म्हणून. दुसऱ्यांदा असईच्या लढाईत, जनरल वेलस्ली म्हणून. कितीतरी जण हे दोघे एकच समजतात. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. प्रत्यक्षात ते सख्खे भाऊ. थोरला रिचर्ड कलकत्त्याहून तहांची सूत्रं हलवत होता आणि धाकटा आर्थर दख्खनमध्ये घोड्यावर होता. हाच आर्थर पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने नेपोलियनला वॉटर्लूवर हरवलं.

एवढं कळल्यावर मी या घराण्याची वंशावळ कागदावर मांडायला बसलो आणि आजोबांपाशीच अडलो. या भावांचे आजोबा वेलस्ली म्हणून जन्मलेच नव्हते. ते रिचर्ड कॉली होते.

हे घराणं अँग्लो-आयरिश. ही गाठ सोडवायची तर आधी अँग्लो-आयरिश म्हणजे कोण ते पाहायला हवं. आयर्लंडमध्ये पिढ्यान् पिढ्या राहिलेले, मूळचे इंग्लंडकडून आलेले जमीनदार, असा त्याचा ढोबळ अर्थ. पण हे लोक एकाच वेळी आले नाहीत. पहिली लाट बाराव्या शतकातल्या नॉर्मन सरदारांची. दुसरी सोळाव्या शतकात, आठवा हेन्री आणि पहिली एलिझाबेथ यांच्या काळात आलेल्या अधिकाऱ्यांची आणि वकिलांची. तिसरी सतराव्या शतकात इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या स्वारीनंतरची. आपली दोन्ही घराणी यात नेमकी बसतात. वेलस्ली, ज्यांना बोलीत वेस्ली म्हणू लागले, ते पहिल्या लाटेतले. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात वेल्स नावाच्या शहराजवळच्या एका गावावरून त्यांचं नाव पडलं, आणि आयर्लंडमध्ये मीथ परगण्यात डांगन इथे त्यांची गढी. कॉली किंवा काउली हे किल्केनीकडचे, आठव्या हेन्रीच्या काळात सरकारी वकिली आणि न्यायखात्यातून वर आलेले. पुढे त्यांना किल्डेअर परगण्यात कार्बरीचा किल्ला मिळाला.

अठराव्या शतकात या वर्गाच्या हातात आयर्लंडची जवळजवळ सगळी जमीन होती. देशातली बहुसंख्य प्रजा कॅथलिक, पण १७०३ साली कॅथलिकांकडे जेमतेम १४ टक्के जमीन उरली होती. ती आणखी घटावी म्हणून डब्लिनच्या संसदेने त्याच सुमारास एक कायदा केला, आणि वंशावळ वाचणाऱ्याने तो नीट समजून घेतलाच पाहिजे. कॅथलिक जमीनदार वारला की त्याची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची. मात्र थोरला मुलगा प्रोटेस्टंट झाला तर सगळी त्याच्या एकट्याची. प्रोटेस्टंट घरात ही सक्ती नव्हती. तिथे इस्टेट अखंड थोरल्याकडे जाई. जमिनीचे तुकडे होणं म्हणजे काय, हे आपल्याकडे सातबारा हातात धरणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. दोन-तीन पिढ्यांत शंभर एकरांचे पट्टे होतात, मग पट्ट्यांच्या पट्ट्या. इथे ती गोष्ट एका धर्माच्या लोकांवर कायद्याने लादली होती आणि दुसऱ्यांना तिच्यापासून वाचवलं होतं. एका बाजूची घराणी विरघळत गेली, दुसरी टिकली, आणि जाडजूड ग्रंथांत वंशावळी छापल्या गेल्या त्या मुख्यतः टिकलेल्यांच्या. १७७८ साली हा नियम उठला, तोवर ७०-७५ वर्षं उलटली होती.

आता १७२८ सालाकडे. डांगनचे मालक गॅरेट वेस्ली त्या वर्षी वारले. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या आईचं माहेर कॉली. एलिझाबेथ कॉली असं तिचं नाव. एलिझाबेथचा भाऊ हेन्री आणि हेन्रीचा मुलगा रिचर्ड कॉली. म्हणजे रिचर्ड हा गॅरेटचा मामेभाऊ. इंग्रजी पुस्तकांत इथे नुसतं ‘कझिन’ छापलेलं असतं. मग तो काकाचा, मामाचा, आत्याचा की मावशीचा हे शोधत चार पानं उलटावी लागतात. मराठीत एका शब्दात काम होतं, आणि याच शब्दात सगळी मेख आहे. मामेभाऊ म्हणजे आईकडचा, दुसऱ्या कुळातला. गॅरेटने मृत्युपत्रात डांगन आणि मॉर्निंग्टनची इस्टेट या मामेभावाला दिली, पण एका अटीवर: त्याने वेस्ली हे आडनाव आणि घराण्याचं चिन्ह घ्यायचं. रिचर्ड कॉलीने अट मानली आणि तो रिचर्ड वेस्ली झाला.

मराठी वाचकाला इथे लगेच दत्तक आठवेल. काम तेच आहे: मालक निपुत्रिक, गादी चालली पाहिजे, म्हणून बाहेरचा माणूस नावासकट आत घ्यायचा. पण इंग्लंड-आयर्लंडच्या कायद्यात दत्तक नव्हतंच. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदा आला १९२६ साली, आयर्लंडमध्ये १९५२ साली. त्याआधी मुलगा ‘देता’ येत नसे. म्हणून त्यांनी ही वाट काढली होती, मृत्युपत्रातली नावाची अट. विधी नाही, गोत्र बदलणं नाही. आडनाव घ्या, जमीन घ्या. तेव्हा अशा घराण्याची वंशावळ पाहताना आडनावाच्या रेषेला बापाकडून मुलाकडे आलेल्या रक्ताची रेषा समजू नये. आडनाव जमिनीच्या मागे जातं. ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा बाप, बापाचा बाप असं मागे गेलं तर नॉर्मन सरदार भेटत नाहीत, आठव्या हेन्रीचे वकील कॉली भेटतात. बापाकडून वेलस्ली रक्त त्याच्यात आलं नाही, आली ती वेलस्लींची जमीन. आणि ज्या एलिझाबेथच्या लग्नामुळे हे सगळं घडलं, तिचं नाव बहुतेक तक्त्यांत एका कोपऱ्यात असतं. मी माझ्या कागदावर ते मधोमध आणलं.

रिचर्ड १७४६ साली बॅरन मॉर्निंग्टन झाले. बॅरन ही सरदारकीची सगळ्यात खालची पायरी. डांगनला त्यांनी केवढा थाट मांडला होता ते मेरी डेलनी या बाईंच्या पत्रांतून दिसतं. बागा, पुतळे, तळं, तळ्यात तरंगती जहाजं, काठावर तोफा असलेला छोटा किल्ला. १७४८ च्या सुमारास त्या पाहुण्या म्हणून आल्या, तेव्हा रिचर्डचा मुलगा गॅरेट तेरा वर्षांचा होता. बाई त्याच्या धर्ममाता. पोरगा किल्ल्याचा किल्लेदार आणि आरमाराचा सेनापती बनलेला. बाईंच्या स्वागताला त्याने सगळी निशाणं चढवली, आणि तोफांची सलामी नको असं त्या म्हणाल्या तेव्हा बिचारा हिरमुसला. शेकडो नावं आणि सनावळ्या चाळताना असा एखादा हिरमुसलेला मुलगा समोर येतो आणि कागदावरचा माणूस जिवंत होतो.

हा गॅरेट पुढे संगीतकार झाला, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातला संगीताचा पहिला प्राध्यापक. १७६० साली त्याला अर्ल ऑफ मॉर्निंग्टन ही वरची पदवी मिळाली. पैशाचं गणित मात्र त्याला जमलं नाही. १७८१ साली तो गेला तेव्हा मागे कर्ज होतं, विधवा ॲन होती आणि पाच मुलगे: रिचर्ड, विल्यम, आर्थर, जेराल्ड आणि हेन्री.

इथे जमीनदारी घरांतली आणखी एक व्यवस्था कळायला हवी. इस्टेट थोरल्याची म्हटली तरी तो बहुधा पुरता मालक नसे. लग्नाच्या वेळी करारनामा व्हायचा. त्यात हयात मालकाला फक्त जन्मभर उत्पन्न खाण्याचा हक्क. जमीन पुढच्या थोरल्यासाठी राखून ठेवलेली. विधवेला दरवर्षी ठरावीक रक्कम, मुलींना हुंड्यापुरता पैसा, धाकट्यांना एकरकमी वाटा, आणि हे सगळं त्याच जमिनीच्या उत्पन्नातून. दोन पिढ्यांतल्या दोन विधवा दीर्घायुषी निघाल्या आणि मुलगे पाच झाले की जमीन कागदावर अखंड राहते, पण तिचा रस सगळीकडून काढलेला असतो. धाकट्यांना म्हणून सैन्य, चर्च, वकिलात किंवा ईस्ट इंडिया कंपनी यांपैकी काहीतरी धरावंच लागे. असईच्या मैदानावर आर्थर वेलस्ली का होता, याची राजकीय कारणं वेगळी आहेत. घरगुती कारण एवढंच की तो जिवंत मुलग्यांत तिसरा होता.

अखंड राहिलं ते मात्र संसदेतलं आसन. मीथमधल्या ट्रिम या छोट्या गावाची जागा या घराच्या खिशात होती. रिचर्ड तिथून निवडून आला, मग विल्यम, मग १७९० साली आर्थर. वतनासारखी ती भावाभावांत फिरली. डांगन मात्र रिचर्डने १७९३ च्या सुमारास विकून टाकलं. पुढे नव्या लोकांच्या ताब्यात असताना वाडा जळाला. आज तिथे भिंतींचा सांगाडा आणि दगडी मनोरे उरले आहेत. ज्या जमिनीसाठी आडनाव घेतलं ती जमीन तिसऱ्याच पिढीत गेली, आडनाव मात्र राहिलं.

राहिलं आणि लांबलंही. रिचर्डला वेस्लीपेक्षा जुनं, नॉर्मन थाटाचं वेलस्ली हे रूप हवं होतं. त्याने ते घेतलं, आणि हळूहळू भावांनीही. आर्थर १७९७ पासून कलकत्त्यात होता आणि तोवर वेस्ली म्हणूनच सही करत होता. मे १७९८ मध्ये थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला, आणि त्याच महिन्यातल्या एका पत्राखाली पहिल्यांदा ‘आर्थर वेलस्ली’ अशी सही दिसते. म्हणजे आपल्या इतिहासाला माहीत असलेलं हे नाव हिंदुस्थानच्या भूमीवर रूढ झालं.

पुढची पाच-सहा वर्षं आपल्या परिचयाची आहेत. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह, ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला, २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. धाकटा हेन्रीही थोरल्याचा खाजगी चिटणीस म्हणून हिंदुस्थानात येऊन गेला होता. इथे मी एकच घरगुती धागा जोडतो. तरुणपणी आर्थरने लाँगफर्डच्या पॅकनम घराण्यातल्या किटीला मागणी घातली होती. कफल्लक धाकटा मुलगा म्हणून तिच्या घरच्यांनी नकार दिला. त्या दिवसांत, १७९३ च्या सुमारास, त्याने आपली व्हायोलिनं जाळून टाकली. बापाकडून आलेली तेवढीच तर गोष्ट त्याच्यापाशी होती. हिंदुस्थानातून तो परतला तो सर आणि मेजर जनरल होऊन, श्रीरंगपट्टण आणि दख्खनच्या मोहिमांतला लुटीचा वाटा गाठीशी बांधून. मग पॅकनमांनी होकार दिला. १० एप्रिल १८०६ रोजी डब्लिनमध्ये लग्न झालं आणि ते लावलं पाद्री झालेल्या जेराल्डने. आजच्या ड्यूकपर्यंतचा सगळा वंश या लग्नातून आला आहे. शिंदे-भोसल्यांच्या पराभवाचा एक धागा या वंशावळीत असा विणलेला आहे, आणि मराठी माणसाला तो दिसल्यावाचून राहत नाही.

आता पदव्या. जमीन मृत्युपत्राने देता येते, पदवी देता येत नाही. पदवी राजाच्या सनदेने मिळते आणि वारसाचा नियम त्या सनदेतच लिहिलेला असतो. बहुधा तो असा: सनद ज्याला मिळाली त्याचे औरस पुरुष वंशज, थोरल्या शाखेकडून धाकट्या शाखेकडे. एका माणसाकडे चार पदव्या असतील तर चार सनदा, आणि तो मेल्यावर त्या चारही एकाच माणसाकडे जातील असं नाही.

रिचर्डचंच पाहा. बापाकडून आलेली अर्ल ऑफ मॉर्निंग्टन. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर मिळालेली, अर्लच्याही वरची मार्क्वेस वेलस्ली. ही दुसरी आयरिश पदवी होती, आणि आयरिश पदव्या ब्रिटिश पदव्यांपेक्षा खालच्या मानल्या जात. १८०१ नंतर तर सगळ्या आयरिश लॉर्डांमधून फक्त २८ जण निवडून लंडनच्या वरिष्ठ सभागृहात जात. रिचर्ड इतका दुखावला की त्याने या मानाला ‘दुहेरी मुलामा दिलेला बटाटा’ म्हटलं. यासंत-गाब्रिएल रोलाँ या फ्रेंच बाईपासून त्याला पाच मुलं होती, पण तिच्याशी लग्न केलं ते मुलं झाल्यावर, १७९४ साली. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात नंतरच्या लग्नाने आधीची मुलं औरस होत नसत. म्हणून १८४२ मध्ये तो वारला तेव्हा मार्क्वेसची पदवी त्याच्याबरोबर संपली. अर्लची सनद मात्र बापाच्या नावची. ती सरकून धाकट्या भावाकडे, विल्यमकडे गेली.

विल्यमची शाखा म्हणजे जोडनावांची शाखा. बॅलिफिनच्या पोल नावाच्या निपुत्रिक नातलगाची इस्टेट त्याला मिळाली, आणि अट तीच, नाव घ्या. तो वेलस्ली-पोल झाला. त्याच्या मुलाने १८१२ मध्ये कॅथरीन टिल्नी-लाँग या इंग्लंडातल्या अतिश्रीमंत वारसदार मुलीशी लग्न केलं आणि तो विल्यम पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली झाला. अशी लांबलचक नावं हा नुसता बडेजाव वाटतो. तो जमिनीचा उतारा म्हणून वाचावा. प्रत्येक जोडरेघ म्हणजे कुठूनतरी आलेली एक इस्टेट. या माणसाने मात्र बायकोची संपत्ती दहाच वर्षांत उधळली. एसेक्समधल्या तिच्या वॉन्स्टेड हाउसमधल्या सामानाचा लिलाव १८२२ मध्ये ३२ दिवस चालला, मग वाडाही पाडून दगड-विटा विकल्या. कॅथरीन १८२५ मध्ये गेली. मुलांचा ताबा बापाकडे नको, असं न्यायालयाने ठरवलं. बापाचा हक्क जवळजवळ निरपवाद मानला जाई त्या काळात हा मोठाच निर्णय होता. त्यांचा मुलगा १८६३ मध्ये अविवाहित वारला आणि ही शाखा संपली. मग अर्ल ऑफ मॉर्निंग्टन ही पदवी तिसऱ्या भावाच्या शाखेत, दुसऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनकडे आली. आज ती ड्यूकच्या घरात थोरल्या नातवाला मानाने लावतात.

सगळ्यात धाकटा हेन्री वकिलातीत चढत गेला. १८२८ मध्ये त्याला बॅरन केलं तेव्हा त्याने पदवीला नाव निवडलं काउली. शंभर वर्षांपूर्वी आजोबांनी डांगनसाठी जे नाव टाकलं होतं, ते नातवाने परत आणलं. या सगळ्या कागदांत मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट हीच.

सनदा कशा वेगवेगळ्या वाटांनी जातात याचं अगदी अलीकडचं उदाहरण १९४३ सालचं. सहावा ड्यूक ३१ वर्षांचा, अविवाहित, इटलीत सालेर्नोच्या लढाईत पडला. इंग्रजी ड्यूकपद पुरुष वारसाला, म्हणून काका जेराल्ड सातवा ड्यूक झाला. पण पहिल्या ड्यूकला १८१२ मध्ये स्पेननेही एक ड्यूकपद दिलं होतं, सियुदाद रोद्रिगोचं. स्पॅनिश नियमाने ते काकाच्या आधी सख्ख्या बहिणीला मिळतं. तसं ते बहिणीकडे गेलं, आणि १९४९ मध्ये तिने ते आपण होऊन काकाला दिलं.

हे सगळं ज्या कागदांवरून कळतं, त्यांची कथा दुःखद आहे. आयर्लंडचं मुख्य दफ्तरखाना डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत होता. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, तिथे स्फोट आणि आग झाली. शतकांची मृत्युपत्रं, शेकडो चर्चांच्या नोंदवह्या, १८२१ ते १८५१ च्या जनगणना, जवळजवळ सगळं जळालं. बड्या घराण्यांची वंशावळ तरी जुळते ती दोन गोष्टींमुळे. सर विल्यम बेथम या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात १८०० पूर्वीच्या हजारो मृत्युपत्रांतली नाती टिपून ठेवली होती. आणि १७०८ पासूनची खरेदीखतं, गहाणखतं, लग्नाचे करारनामे नोंदणारं कार्यालय वेगळ्या इमारतीत होतं, म्हणून वाचलं. कुळांकडे आणि मजुरांकडे असे दस्त नव्हतेच. त्यांची नावं होती ती जनगणनेच्या कागदांत, आणि तीच जळाली. तिथला गरीब माणूस आपला खापरपणजोबा शोधायला जातो तेव्हा बहुतेकदा एकोणिसाव्या शतकातच वाट बंद होते.

नोंद सापडली तरी ती वाचावी लागते. डब्लिनच्या ऑन्जर स्ट्रीटवरच्या सेंट पीटर्स चर्चच्या वहीत आर्थरचा बाप्तिस्मा ३० एप्रिल १७६९ चा आहे. तो स्वतः जन्मभर वाढदिवस मानत आला १ मेला. जन्माआधी बाप्तिस्मा होत नाही, म्हणजे दोन्हीपैकी एक तारीख चुकीची. जन्माचं ठिकाण म्हणून डब्लिनच्या मेरियन स्ट्रीटवरचं घर सांगतात, तसंच डांगनही सांगतात. युरोपातल्या सगळ्यात नामांकित माणसांपैकी एकाची ही गत.

शेवटी रिचर्डच्या त्या पाच मुलांविषयी, कारण पदव्यांच्या तक्त्यात त्यांना जागा नाही. त्यांतला जेराल्ड कंपनीच्या नोकरीत आला आणि १८२० च्या दशकात इंदूरला होळकर दरबारात रेसिडेंट होता. मुलगी ॲन १७८८ ची. पहिलं लग्न मोडून तिने लॉर्ड चार्ल्स बेंटिंकशी दुसरं लग्न केलं. त्यांचा मुलगा चार्ल्स पाद्री झाला. पाद्रीची मुलगी सेसिलिया. सेसिलियाची मुलगी एलिझाबेथ बोज-लायन, सहाव्या जॉर्जची राणी. तिची मुलगी दुसरी एलिझाबेथ, आणि तिचा मुलगा आज इंग्लंडच्या गादीवर असलेले राजे चार्ल्स.